दोघांना घरीं ठेवून या!

जो जिंकेल त्यास मान, हा मैदानाचा कायदा होय. पण मैदानाबाहेर गांवचा कायदा निराळा असेल तर जिंकणाऱ्यानें काय करावें? या प्रश्नास १९५१ सालीं अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या कांहीं तरुणांनीं जें उत्तर दिलें, तें आमच्या व्यापारी वाचकांनीं हिशेबाच्या दृष्टीनेंहि तपासून पाहण्याजोगें आहे.

अमेरिकन फुटबॉल हा आपला फुटबॉल नव्हे. त्यांतील चेंडू लंबगोल असतो आणि तो हातांत घेऊन प्रतिपक्षाची फळी फोडीत पुढें धांवणें हा त्या खेळाचा प्राण. जेझुइट पंथाच्या या लहानशा विद्यापीठाचा संघ जो कुहारिक या शिक्षकाच्या हाताखालीं त्या मोसमांत नऊ सामने खेळला व नऊहि जिंकला. न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅमवर मिळविलेला जय ३२-२६ असा निसटता होता; पॅसिफिक कॉलेजचा मात्र ४७-१४ असा धुव्वा उडाला. ऑली मॅटसन हा गडी मोसमभर चेंडू घेऊन १५६६ यार्ड धांवला व साऱ्या देशांत पहिला आला. बचावाचा भार बर्ल टोलर वाही. हे दोघे कृष्णवर्णीय होते, आणि पुढील सर्व प्रकरण एवढ्या एकाच गोष्टीनें घडलें.

त्या वेळचें वातावरण कसें होतें हें एका उदाहरणानें कळेल. २० ऑक्टोबर १९५१ रोजीं ओक्लाहोमांतील स्टिलवॉटर येथें ड्रेक विद्यापीठाचा कृष्णवर्णीय खेळाडू जॉनी ब्राइट याच्या हातीं चेंडू नसतां प्रतिपक्षाच्या गड्यानें प्रहार करून त्याचा जबडा मोडला. वृत्तपत्राच्या छायाचित्रकारांनीं तो प्रसंग टिपला, म्हणून तो जगापुढें आला; त्या चित्रांस पुढें पुलित्झर पारितोषिकहि मिळालें.

नववर्षाच्या सुमारास दक्षिणेकडील उबदार शहरांत 'बाऊल' नांवाचे मोठे उत्सवी सामने होतात. तेथें बोलावणें येणें ही कॉलेजच्या संघास मोठी प्रतिष्ठा, आणि शिवाय उत्पन्नाची बाब. त्या काळीं दक्षिणेंत शाळेपासून आगगाडीपर्यंत गोरे व काळे यांच्यामध्यें कायद्यानें भिंत घातलेली होती. निमंत्रण हवें असेल तर मॅटसन व टोलर या दोघांना घरीं ठेवून या, असा निरोप संघास मिळाला. संघानें नाहीं म्हटलें. हा निर्णय करण्यास फारसा वेळ लागला नाहीं, असें त्या खेळाडूंच्या आठवणींवरून दिसतें.

कोणी व्यवहारी गृहस्थ म्हणेल, दोघांपायीं बाकीच्यांचें नुकसान कशाला? आमच्या मतें हा हिशेबच खोटा आहे. नऊ विजयांच्या मिळकतींत दोघांचा वांटा होता. श्रम करतेवेळीं त्यांस पुढें घालावयाचें आणि पंगत बसतेवेळीं अंगणांत उभें करावयाचें, याला व्यवहार म्हणत नाहींत. अशा ठिकाणचे व्यवस्थापक बहुधा दुष्ट नसतात. 'आमचें स्वतःचें कांहीं नाहीं हो, लोकांना चालत नाहीं,' एवढेंच ते म्हणतात. महाराष्ट्रांतील पाणवठ्यांवर व देवळांच्या दारांत हें वाक्य ज्यानें ऐकलें नाहीं असा वाचक विरळा!

आतां जमाखर्च पाहूं. विद्यापीठाचें फुटबॉलचें खातें तोट्यांत होतें व बाऊलच्या उत्पन्नानें तूट भरून निघण्याची आशा होती. ती आशा संपली आणि मोसम आटोपल्यावर थोड्याच दिवसांत विद्यापीठानें हा संघ बंद केला. म्हणजे ज्यांनीं अट घातली त्यांचा उत्सव यथासांग पार पडला, आणि ज्यांनीं ती मोडली त्यांचें मैदान गेलें. न्यायाची किंमत अन्याय करणाऱ्यापेक्षां न्यायी माणसालाच आधीं भरावी लागते, हें जाणूनहि आपण अशा तरुणांची नुसती पाठ थोपटतों. थैलीचें तोंड सोडण्याची वेळ आली कीं आपला उत्साह ओसरतो. तूट रुपयांची असो वा डॉलरांची, ती टाळ्यांनीं भरत नाहीं.

खेळाडू मात्र हटले नाहींत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्यें आपल्या खाशाबा जाधवांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें, त्याच मेळाव्यांत मॅटसननेंहि ४०० मीटर धांवण्यांत कांस्यपदक घेतलें. पुढें त्याचें व त्याचे सोबती जिनो मार्केटी व बॉब सेंट क्लेअर यांचें नांव व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मानमंदिरांत लागलें. टोलरचा गुडघा दुखावल्यानें व्यावसायिक खेळ त्याला अंतरला. तो शिक्षक झाला, आणि १९६५ सालीं व्यावसायिक संघांच्या राष्ट्रीय लीगनें त्यास पंच नेमलें. त्या लीगमधील तो पहिला कृष्णवर्णीय पंच. लीगचा त्या वेळचा प्रमुख पीट रोझेल हा १९५१ सालीं याच विद्यार्थ्यांच्या संघाच्या बातम्या वृत्तपत्रांकडे पाठवीत असे!

विद्यापीठानें त्या संघांतील खेळाडूंस २००६ सालीं सन्मानदर्शक पदव्या दिल्या. कुहारिक १९८१ सालींच निवर्तले होते.