कंट्रोल चार्टची साक्ष कामगाराच्या बाजूने

माल खराब निघाला तो कामगाराच्या हातून निघाला, म्हणून दोषही त्या हाताचाच, हे तर्कशास्त्र आपल्या कारखानदारांच्या अंगी इतके मुरले आहे की त्याला पुरावा मागावा असे कोणाला सुचतही नाही. पिंपरी-चिंचवड, सातपूर, वाळूज, चाकण, कोणत्याही औद्योगिक वसाहतीत जा. वाहनांचे सुटे भाग घडविणाऱ्या कारखान्याच्या भिंतीवर 'शून्य दोष' ही अक्षरे ठळक रंगात झळकताना दिसतील, आणि त्याच भिंतीखाली, यंत्राच्या शेजारी, प्लास्टिकच्या पाकिटात एक आलेख टांगलेला असेल. मध्ये एक रेषा, वर एक, खाली एक, आणि त्या तिन्हींच्या मधून वरखाली होत जाणारी टिंबांची माळ. कामगार त्याला 'कंट्रोल चार्ट' म्हणतो. ठरावीक वेळाने पाच नग मोजायचे, त्यांची सरासरी काढायची आणि टिंब द्यायचे, हे कामही बहुधा त्याच्याकडेच असते. भिंतीवरची अक्षरे जे मागतात ते या यंत्रावर मिळण्याजोगे आहे काय, याचे उत्तर खालच्या आलेखात रोज लिहिले जात असते. व्यवस्थापन भिंत वाचते, आलेख वाचत नाही. कारणे दाखवा नोटीस मात्र वेळेवर काढते.

हा आलेख कोणा कामगार पुढाऱ्याने शोधला नाही, हे आधीच सांगितलेले बरे. तो जन्मला अमेरिकन भांडवलशाहीच्या ऐन गाभ्यात. शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा टेलिफोनची सामग्री बनविणारा अवाढव्य कारखाना होता. त्या कंपनीच्या तपासणी विभागातील वॉल्टर शूहार्ट या पदार्थवैज्ञानिकाने १६ मे १९२४ रोजी आपल्या वरिष्ठाला एका पानाचे टिपण पाठविले. त्या पानावर या आलेखाचा पहिला नमुना होता. पुढे १९३१ मध्ये त्याने या विषयावर सविस्तर ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: एकाच यंत्रावर, एकाच मालातून, एकाच माणसाने केलेले दोन नग कधीही तंतोतंत सारखे नसतात. हा फरक दोन जातींचा असतो. एक जात प्रक्रियेच्या रक्तातच असते. शेकडो बारीकसारीक कारणे मिळून ती उपजते आणि त्यांतील एकेकावर बोट ठेवता येत नाही. दुसरी जात बाहेरून येते: इन्सर्ट तुटला, पोलादाचा नवा घाण आला, बेअरिंग गेले. तिचे कारण हुडकता येते. सरासरीच्या दोन्ही बाजूंना तीन प्रमाण विचलनांवर रेषा ओढल्या की या दोन जाती बऱ्याच विश्वासाने वेगळ्या करता येतात. प्रक्रिया स्थिर असताना उगाचच एखादे टिंब बाहेर पडण्याचा संभव हजारात सुमारे तीन एवढाच.

रेषेच्या आत खेळणारा फरक हा व्यवस्थेचा फरक. यंत्र कोणते घ्यायचे, किती वर्षे वापरायचे, देखभालीवर किती खर्चायचे, कच्चा माल कोणाकडून आणायचा, शिकाऊ मुलाला किती दिवसांच्या शिक्षणानंतर यंत्रावर उभे करायचे, हे निर्णय ज्याच्या हाती त्याचा तो फरक. कामगाराच्या हाती यांतले काय असते? शूहार्टचा वारसा पुढे नेणारे आणि १९५० मध्ये जपानी उद्योगपतींना हीच विद्या शिकविणारे डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात स्वतःच्या अनुभवाने अंदाज दिला आहे की, कारखान्यातील शंभरापैकी चौऱ्याण्णव अडचणी व्यवस्थेच्या, म्हणजे व्यवस्थापनाच्या असतात. हा अंदाज आहे, सिद्धांत नव्हे. पण डेमिंग समाजवादी नव्हते, कारखानदारांचेच सल्लागार होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या अंदाजाचे वजन कळते.

एक हिशेब करून पाहू. समजा, लेथवर २५ मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टचे टर्निंग चालले आहे आणि ड्रॉइंगने दोन्ही बाजूंना ०.०५ मिलिमीटरची सूट दिली आहे. यंत्र जुने पण स्थिर. आलेखावर एकही टिंब बाहेर नाही. मात्र नगानगांतील फरकाचे प्रमाण विचलन ०.०२ मिलिमीटर भरते. या यंत्राला आपला स्वाभाविक पसारा मांडायला सहा विचलने, म्हणजे ०.१२ मिलिमीटरची जागा हवी. ड्रॉइंग देते ०.१०. क्षमतेचा निर्देशांक झाला ०.८३. व्यास बरोबर मध्यावर राखला तरीही हजारी सुमारे बारा नग सुटीबाहेर जाणारच. शिफ्टला पाचशे नग धरले तर सरासरी सहा खराब. आणि केवळ योगायोगाने तो आकडा एखाद्या शिफ्टला शून्य, तर एखाद्या शिफ्टला तेरापर्यंतही जाऊ शकतो. आता पहिल्या पाळीच्या कामगाराचे दोन नग खराब निघाले आणि दुसऱ्या पाळीच्या कामगाराचे अकरा. पहिल्याचा फोटो सूचनाफलकावर लागतो, दुसऱ्याच्या हाती नोटीस पडते. दोघांनी केलेले काम एकच! सोडत काढून शिक्षा देण्याचा हा प्रकार आहे, आणि त्यालाच 'कार्यक्षमता मूल्यमापन' असे भारदस्त नाव मिळाले आहे.

डेमिंग आपल्या वर्गात याचाच खेळ मांडीत. पेटीत चार हजार मणी. त्यांतले आठशे तांबडे, उरलेले पांढरे. पन्नास खळग्यांचे एक फावडे. सहा 'इच्छुक कामगार' बोलवायचे आणि त्यांना फर्मावायचे की फक्त पांढरे मणी काढा. कोणी सहा तांबडे काढी, कोणी पंधरा. सहावाल्याची पाठ थोपटायची, पंधरावाल्याला दटावायचे, आणि 'कारखाना' बंद पडायची वेळ आली की वाईट कामगारांना काढून टाकून चांगल्यांना ठेवायचे. दोन ते अठरा यांमधला कोणताही आकडा त्या पेटीतून निव्वळ योगायोगाने निघू शकतो. तांबडे मणी पेटीत कोणी घातले, हा प्रश्न त्या खेळात कोणी विचारीत नसे. आपल्याकडच्या खातेनिहाय चौकशीतही विचारीत नाहीत.

येथे व्यवस्थापकमंडळी हटकून विचारतात: म्हणजे कामगार झोपा काढो, नशा करो, त्याला बोलायचेच नाही काय? बोला ना! पण आधी आलेख दाखवा. हलगर्जीपणाने मालाची मापे खरोखर बिघडली असतील तर टिंब रेषेबाहेर जाईल, किंवा लागोपाठ आठ टिंबे मध्यरेषेच्या एकाच बाजूला पडतील. काहीतरी निराळे घडले याची खूण तेथे उमटेल. तीही निकालपत्र नव्हे. बाहेर गेलेले टिंब एवढेच सांगते की शोध घ्या. शोधाअंती इन्सर्टची झीज सापडेल, वीजदाबातला चढउतार सापडेल, कदाचित माणूसही सापडेल. शोध न घेता नोटीस काढणे म्हणजे पंचनाम्याआधी शिक्षा सुनावणे होय.

याहून घातक प्रकार निराळाच आहे. एक नग खराब निघाला की सुपरवायझर धावत येतो आणि ऑफसेट बदलायला लावतो. पुढचा नग दुसऱ्या बाजूला जातो, पुन्हा बदल. स्थिर प्रक्रियेत प्रत्येक नगामागे अशी दुरुस्ती केली तर फरकाचे प्रचरण दुप्पट होते, हे गणिताने सिद्ध आहे. वरच्या उदाहरणात हजारी बारा खराब निघत होते. या 'दक्षते'नंतर ते सत्त्याहत्तर निघतील. त्यानंतर येणारी ताकीद कोणाच्या नावे असते, हे सांगायला नको.

दुसरी लबाडी अधिक सभ्य दिसते. पाच-पाच नगांच्या सरासरीच्या आलेखावर नियंत्रणरेषांऐवजी ड्रॉइंगच्या सुटीच्या रेषा ओढायच्या. आपल्या शाफ्टच्या बाबतीत पाच नगांची सरासरी २४.९७३ ते २५.०२७ यांमध्येच फिरते; २४.९५ आणि २५.०५ च्या रेषांना ती शिवणारही नाही. टिंबे सारी आत, आलेख हिरवागार, आणि डब्यात मात्र खराब नग पडतच आहेत. मग साहेब म्हणतात, "प्रक्रिया तर उत्तम आहे, अर्थात दोष ऑपरेटरचा." सरासरी आणि सुटा नग यांतला भेद न कळल्यामुळे हे घडते की तो कळूनही न कळल्यासारखे केले जाते, हे ज्याने त्याने ठरवावे. गिऱ्हाईक कंपनी १.३३ किंवा १.६७ चा क्षमता निर्देशांक मागते. १.३३ चा कागद खरा असेल आणि माप मध्यावर असेल तर दहा लाखांत साठ-सत्तर नगच खराब निघायला हवेत. गिऱ्हाइकाला १.३३ चा कागद द्यायचा आणि त्याच यंत्रावरच्या कामगाराला हजारी बारा नगांसाठी धारेवर धरायचे, या दोन कागदांपैकी एक खोटा असलाच पाहिजे.

आणि ज्या कागदावरून शिक्षा होते तो कागद खरा राहत नाही, हेही स्वाभाविकच. ऑडिटच्या आदल्या रात्री एकाच पेन्सिलीने, एकाच बैठकीत भरलेले आलेख पाहिलेल्या माणसांची या राज्यात वाण नसावी. गंमत अशी की खोटा आलेख स्वतःच चुगली करतो: भ्यालेला हात टिंबे मध्यरेषेला चिकटवून देतो, आणि लागोपाठ पंधरा टिंबे मधल्या तिसऱ्या हिश्श्यात पडणे हेच मुळी संशयास्पद असते.

आता थोडे आपल्या घरातले. कामगार चळवळीतील कित्येकांना ही सारी विद्या टेलरच्या घड्याळाची धाकटी बहीण वाटते. मालकाचा आणखी एक पाश म्हणून ते तिच्याकडे पाठ फिरवतात. ही चैन परवडणारी नाही. शूहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या निमंत्रणावरून भारतात येऊन गेले. नियोजनाच्या त्या काळात भारतीय सांख्यिकी संस्थेने ही विद्या आपल्या उद्योगांपर्यंत पोचविण्याचे कार्य हाती घेतले. म्हणजे ही ओळख काल-परवाची नाही. पाऊणशे वर्षांत ती कारखान्याच्या कार्यालयात शिरली, युनियनच्या कार्यालयात शिरली नाही. वास्तविक तिची खरी गरज तेथेच होती. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालील आदर्श आदेशांत 'कामातील सवयीचा निष्काळजीपणा' हे गैरवर्तन म्हणून नोंदलेले होते; त्या कायद्याची जागा घेणारी औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्ये संमत झाली, पण खराब मालावरून शिस्तभंगाचा बडगा उगारण्याची रीत कायम आहे. 'सवय' कशाला म्हणायची? तीन शिफ्टांत मिळून तेवीस नग खराब निघाले, ही सवय की योगायोग? या प्रश्नाचे उत्तर देणारे जे साधन आजवर माणसाने घडविले आहे ते त्या कामगाराच्या यंत्राशेजारी टांगलेले असते, आणि त्याचा वकील ते चौकशीत मागत नाही.

तेव्हा पुढच्या करारात पगारवाढीच्या कलमाशेजारी आणखी एक कलम घालावे. खराब नगांवरून कोणतीही कारवाई करावयाची तर त्या यंत्राचा मागील तीन महिन्यांचा मूळ आलेख आणि त्याचा क्षमता निर्देशांक आरोपपत्रासोबत कामगाराला मिळाला पाहिजे. बिघाड आलेखाबाहेरचा होता आणि त्याचे कारण त्याच्याच हातात होते, हे दाखविण्याचा भार व्यवस्थापनावर राहील. आणि निर्देशांक एकाहून कमी असेल तेथे आरोपपत्र निघणारच नाही, दुरुस्तीचा अंदाजपत्रकी खर्च निघेल. कंत्राटी आणि शिकाऊ कामगारांनाही हे कलम लागू असावे, कारण जुन्यातले जुने यंत्र बहुधा त्यांच्याच वाट्याला येते. कलम मसुद्यात घालण्याआधी प्रत्येक युनियनने आपली चार-पाच मुले सरासरी, पल्ला आणि विचलन काढायला शिकवून तयार करावीत. त्याला दहावीचे गणित आणि दोन रविवार पुरतात.