एका सेंटिमीटरचं मोल

शिवणकाम चालतं त्या घरात सेंटिमीटरचं महत्त्व कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माप जरासं चुकलं की बाही तोकडी पडते आणि केलेलं सगळं काम उसवावं लागतं. झांशीच्या अशाच एका घरातल्या मुलीला २०२१ साली एका सेंटिमीटरने चटका लावला. ती मुलगी म्हणजे लांब उडीपटू शैली सिंह.

मराठी माणसाला झांशी परकी नाही. नेवाळकरांची झांशी, राणी लक्ष्मीबाईंची झांशी आपण शाळेच्या पुस्तकापासून ओळखतो. खेळाच्या जगात मात्र हे गाव हॉकीचं. मेजर ध्यानचंद याच गावात राहिले, इथल्याच मैदानावर खेळले. अशा गावात ७ जानेवारी २००४ रोजी शैलीचा जन्म झाला. तीन मुलांचा सांभाळ एकट्या आईवर होता. ती कपडे शिवायची आणि त्यावर घर चालायचं. अशा घरातल्या मुलीने धावायचं, उडी मारायचं म्हटलं की प्रश्न एकट्या हौसेचा राहत नाही. रोजचं दूध, अंडी, मैदानावर जाण्याचा खर्च, खिळ्यांचे बूट, हे सगळं त्याच शिलाईच्या पैशांतून काढायचं असतं.

२०१७ साली विजयवाड्याला राष्ट्रीय कनिष्ठ स्पर्धा झाली. तिथे शैलीला पदक मिळालं नाही. पण रॉबर्ट बॉबी जॉर्ज यांची नजर तिच्यावर गेली. बॉबी म्हणजे अंजू बॉबी जॉर्जचे पती आणि प्रशिक्षक. अंजूने २००३ साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत लांब उडीचं कांस्यपदक मिळवलं, ते त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. मुलगी आज किती लांब उडते यापेक्षा ती उद्या किती लांब जाईल, हे ओळखणारी माणसं थोडी असतात. बॉबी त्यांपैकी एक. त्यांनी शैलीला बंगळूरच्या आपल्या अकादमीत बोलावलं.

बोलावणं आलं खरं, पण निर्णय घ्यायचा होता आईला. चौदा वर्षांची मुलगी, गाव दीड हजार किलोमीटरहून लांब, भाषा वेगळी, जेवण वेगळं. वयात येणाऱ्या लेकीला परमुलखात धाडताना कोणत्याही आईच्या पोटात गोळा येतो. शिवाय खेळात पुढे काही होईलच याची हमी कोण देणार? एखादा गुडघा दुखावला की सगळं संपू शकतं. तरीही २०१८ साली शैली बंगळूरला गेली. तिच्या कारकिर्दीतली पहिली मोठी उडी आईने घेतली, असं म्हटलं तर चुकीचं होणार नाही.

त्याच वर्षी रांचीच्या कनिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत तिने ५.९४ मीटरची उडी मारून सोळा वर्षांखालील गटाचा राष्ट्रीय विक्रम केला. जून २०२१ मध्ये पतियाळाच्या आंतरराज्य स्पर्धेत, मोठ्या मुलींच्या बरोबरीने उतरून, तिने ६.४८ मीटरसह सुवर्ण मिळवलं. तेव्हा ती सतरा वर्षांची होती.

लांब उडी पाहायला सोपी, करायला अवघड. लांबलचक धावपट्टीवरून पूर्ण वेगाने यायचं आणि वीस सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीवर नेमकं पाऊल टाकायचं. पाऊल पुढच्या कडेपलीकडे गेलं की उडी बाद. मागे पडलं तर तेवढं अंतर फुकट, कारण मोजणी पट्टीच्या पुढच्या कडेपासूनच होते, आणि तीही वाळूत उमटलेल्या सर्वांत जवळच्या खुणेपर्यंत. पडताना हात मागे टेकला तर हाताचीच खूण मोजतात. थोडक्यात, ताकद आणि वेग जितका हवा तितकंच बेतशीर माप हवं.

२२ ऑगस्ट २०२१. त्या दिवशी राखीपौर्णिमा होती. केनियातल्या नैरोबीत वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी सुरू होती. तिसऱ्या प्रयत्नात शैलीने ६.५९ मीटर उडी मारली आणि ती सर्वांच्या पुढे गेली. पण पुढच्याच फेरीत स्वीडनच्या माया ओस्कागने ६.६० मीटर गाठले. उरलेल्या प्रयत्नांत शैलीला ते अंतर ओलांडता आलं नाही. सुवर्ण आणि रौप्य यांत फरक राहिला एका सेंटिमीटरचा. सुवर्ण मिळालं की मैदानात राष्ट्रगीत वाजतं. ते ऐकायला मिळावं अशी आईची फार इच्छा होती, आणि ती पूर्ण झाली नाही याची खंत शैलीने नंतर बोलून दाखवली. देश रौप्यपदकाचं कौतुक करत होता आणि तिला आईचं मागणं आठवत होतं.

पण ही गोष्ट तिथे थांबली नाही. एप्रिल २०२३ मध्ये बंगळूरला तिने ६.७६ मीटरची उडी मारली. तोवर भारतीय महिलांमध्ये यापेक्षा लांब उडी एकट्या अंजूचीच होती, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधली ६.८३ मीटरची. त्याच वर्षी जुलैत बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत तिला रौप्यपदक मिळालं. मग कमीजास्त दिवसही आले. हांगचौच्या आशियाई खेळांत ती पाचवी आली, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला जाता आलं नाही. २०२५ मध्ये दक्षिण कोरियात गुमीला झालेल्या आशियाई स्पर्धेत ६.३० मीटरवर कांस्यपदक मिळालं; तीन सेंटिमीटर पुढे राहून रौप्य मिळवलं ते भारताच्याच अँसी सोजनने.

सतराव्या वर्षी जगात दुसरी आलेली मुलगी दर वर्षी नवा विक्रम करेल, अशी अपेक्षा ठेवणं आपल्याला सोपं असतं. तिच्या शरीराला मात्र ते जमेलच असं नाही. उडीचा आकडा कधी वाढतो, कधी अडतो, कधी मागेही येतो. अशा वेळी मागे उभं राहणारं माणूस लागतं. शैलीला तशी माणसं दोन्हीकडे मिळाली. झांशीला लेकीला जाऊ देणारी आई होती आणि बंगळूरला पदक न मिळवलेल्या मुलीवर विश्वास टाकणारे गुरू होते.

आपल्या घरात, शेजारात एखादी मुलगी मैदानावर जायचं म्हणते तेव्हा आपण आधी विचारतो, "पदक मिळेल का?" झांशीच्या त्या आईने हे विचारलं असतं, तर लेक घरीच राहिली असती. मग एक सेंटिमीटर कमी पडल्याचं दुःखसुद्धा तिच्या वाट्याला आलं नसतं.