वाशिममध्ये किती आरोग्य केंद्रं हवीत? जिल्ह्याच्या सरासरीत उत्तर का सापडत नाही

जानेवारी 2018 मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्हे कार्यक्रम सुरू केला. त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत: नंदुरबार, गडचिरोली, धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) आणि वाशिम. या जिल्ह्यांच्या क्रमवारीत आरोग्य आणि पोषणाला 30 टक्के वजन आहे. पण गुण मिळतात ते अख्ख्या जिल्ह्याला. मानोऱ्याला काय मिळालं आणि कारंज्याला काय, हे त्यातून कळत नाही.

हा प्रश्न जुनाच आहे

1984 मध्ये दांडेकर समितीने आरोग्यासह अनेक क्षेत्रांत राज्याच्या सरासरीशी तुलना करून जिल्हानिहाय अनुशेष काढला. तेव्हा वाशिम अकोल्यातच होतं. त्यामुळे इथली कमतरता अकोल्याच्या आकड्यात मिसळून गेली. 1 जुलै 1998 ला वाशिम वेगळा जिल्हा झाला. आता तोच धोका सहा तालुक्यांना आहे.

निकष काय सांगतो?

सपाट भागात 30 हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 5 हजारांमागे एक उपकेंद्र. डोंगराळ व आदिवासी भागात हेच आकडे 20 हजार आणि 3 हजार. 2011 च्या जनगणनेत वाशिमची लोकसंख्या सुमारे 11.97 लाख होती, त्यातले जवळपास 82 टक्के लोक ग्रामीण. सपाट भागाचा निकष लावला तर साधारण 33 केंद्रं आणि 195 च्या आसपास उपकेंद्रं हवीत. हा हिशेबही जुन्या लोकसंख्येवरचा आहे, कारण 2021 ची जनगणना झालीच नाही.

वाटप समान आहे का, हे कसं मोजतात?

त्यासाठी गिनी गुणांक वापरतात. सगळ्यांना सारखा वाटा मिळाला तर 0, सगळं एकाच्याच वाट्याला गेलं तर 1. समजा, सारख्या लोकसंख्येच्या सहा तालुक्यांत 30 डॉक्टर आहेत. प्रत्येक ठिकाणी 5 असतील तर गुणांक 0. सगळे तीसच्या तीस एकाच तालुक्यात असतील, तर तो 1 कडे झुकतो.

मग अडचण कुठे आहे?

हा गुणांक लोकसंख्येवर काढला तर अंतर दिसत नाही. वस्ती दाट असेल तिथे एक केंद्र अनेकांच्या जवळ असतं. विखुरलेल्या तांड्यांना तेच केंद्र लांब पडतं. कागदावर वाटा सारखाच, पण प्रसूतीच्या वेळी गाडी शोधावी लागते ती तांड्यावरच्या बाईला. शिवाय इमारती मोजल्या तर रिकाम्या खुर्च्या लपतात.

म्हणून तालुकानिहाय तीन आकडे एकत्र बघायला हवेत: मंजूर पदांपैकी भरलेली किती, सर्वांत लांबच्या वस्तीपासून केंद्र किती किलोमीटरवर, आणि त्या भागात गरोदर महिला व लहान मुलं किती. ग्रामसभेत किंवा माहिती अधिकारात हे आकडे कोणीही मागू शकतं.