डोळ्यांतील थेंब आणि कारखान्यातील हवा

अमेरिकेत २०२३ साली गाजलेले डोळ्यांच्या थेंबांचे प्रकरण आमच्या बहुतेक वाचकांच्या विस्मरणात गेले असेल. कोरड्या डोळ्यांना ओलावा देणारे साधे थेंब 'एझ्रीकेअर' या नावाने तेथे विकले जात. सूडोमोनास जातीच्या आणि बहुतेक प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूच्या साथीचा संबंध प्रामुख्याने या थेंबांशी जोडला गेला. १८ राज्यांतील ८१ रुग्णांना संसर्ग झाला. चौघे दगावले, चौदा जणांची दृष्टी गेली आणि चौघांचा डोळाच काढावा लागला. हे थेंब चेन्नईनजीकच्या एका कारखान्यात तयार झाले होते.

पुढे जे घडले ते अधिक विचार करायला लावणारे आहे. रुग्णांनी वापरलेल्या बाटल्यांत साथीचा जीवाणू सापडला. मात्र तमिळनाडूच्या औषध नियंत्रण अधिकाऱ्यांनी कारखान्यात राखून ठेवलेला नमुना तपासला, तेव्हा त्यात दोष आढळला नाही. आपल्याकडे लगेच "पाहा, आमचे औषध शुद्धच होते" असा सूर उमटला. आमच्या मते हा सूर अज्ञानाचा होता.

याचे गणित सोपे आहे. समजा, हजार बाटल्यांमागे एक बाटली दूषित आहे आणि आपण वीस बाटल्या तपासल्या. ती दूषित बाटली हाती लागण्याची शक्यता शेकडा दोन इतकीच असते. म्हणजेच निर्जंतुकता शेवटी तपासून सिद्ध करता येत नाही. ती औषध तयार होतानाच जपावी लागते. त्यासाठी ज्या बंदिस्त दालनाची योजना असते त्यास 'क्लीनरूम' म्हणतात.

या दालनाचा आधुनिक आराखडा १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेचे भौतिकशास्त्रज्ञ विलिस व्हिटफील्ड यांनी दिला. तोवर खोली पुसूनपुसून स्वच्छ ठेवण्याची धडपड चाले. व्हिटफील्ड यांनी हवेलाच झाडणीचे काम सोपविले. छतातून अतिसूक्ष्म गाळण्यांमधून आलेली हवा संथ, सरळ प्रवाहाने खाली वाहते आणि कण आपल्याबरोबर घेऊन जाते. औषध भरण्याच्या जागी आज एका घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे अथवा त्याहून मोठे कण ३५२० पेक्षा अधिक चालत नाहीत. शेजारच्या खोलीपेक्षा येथे हवेचा दाब किंचित जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडले तरी हवा बाहेर जाते, आत येत नाही.

एवढे करूनही सर्वांत मोठा दूषणस्रोत आतच असतो, आणि तो म्हणजे माणूस. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगावरूनही दर मिनिटाला लाखभर सूक्ष्म कण झडतात, असे मानले जाते; चालू लागला की कितीतरी पटींनी अधिक. म्हणून डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा पोशाख, संथ हालचाल, सौंदर्यप्रसाधनांना बंदी. आमच्या धर्मग्रामांतून तारापूर-बोईसरच्या औषध कारखान्यांत नोकरीला जाणाऱ्या तरुण-तरुणींना हे नवे नाही. (पाळीभर नाक खाजवायचे नाही, ही शिस्त आम्हांस तरी जमली नसती!) खरा प्रश्न असा की, हातमोजा किंचित फाटल्याचे ध्यानात आले आणि मालाची गाडी दाराशी उभी असली, तर तेथील कंत्राटी कामगार काम थांबवू शकतो काय? थांबविले तर त्याची दुसऱ्या दिवशीची हजेरी शाबूत राहते काय? गाळणीची किंमत यंत्रांच्या हिशेबात धरली जाते, या धैर्याची कुठेच धरली जात नाही.

चेन्नईनजीकच्या त्या कारखान्याची पाहणी अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने साथीनंतर, फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये केली आणि अकरा दोष नोंदविले. निर्जंतुकतेची खात्री देऊ न शकणारी उत्पादनपद्धती हा त्यांतील एक. ही पाहणी साथीपूर्वी व्हावयास हवी होती, हे त्या प्रशासनालाही सुनवावयास हवे.

आपल्या सरकारने २८ डिसेंबर २०२३ रोजी औषधनिर्मितीची सुधारित नियमावली, म्हणजे नवे 'शेड्यूल एम', अधिसूचित केली. देशातील सुमारे साडेदहा हजार औषध कारखान्यांपैकी जवळपास साडेआठ हजार लघु व मध्यम आहेत. त्यांना वर्षाची मुदत होती. सुधारणेचा आराखडा सादर करणाऱ्यांना ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवून मिळाली. या वाढीव काळातच मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातील डायएथिलिन ग्लायकॉल या विषाने बालके दगावली. तेथे दोष हवेचा नव्हता, औषधात मिसळलेल्या द्रावकाचा होता. पण तपासणीवाचून पुढे ढकलण्याची वृत्ती तीच.

लहान कारखानदारांची अडचण आम्ही नाकारीत नाही. हवेची यंत्रणा रात्रंदिवस चालवावी लागते आणि विजेचे बिल मोठे येते. यंत्रसामग्री सुधारण्यासाठी केंद्राची योजना आहे, तीत कारखान्यामागे कमाल एक कोटी रुपयांचे साह्य मिळू शकते. ते वाढवावे, सुलभ करावे. मुदत मात्र पुन्हा वाढवू नये. आणि आणखी एक गोष्ट तातडीने करावी. अमेरिकी निरीक्षकांनी त्या कारखान्यात काय पाहिले ते आम्ही येथे बसून वाचू शकलो, कारण तो अहवाल प्रसिद्ध झाला. आपल्या निरीक्षकांचे अहवाल असे सर्वसामान्य रुग्णाच्या हाती पडत नाहीत. ते शासनाच्या संकेतस्थळावर कारखान्याच्या नावानिशी ठेवावेत, अशी आमची मागणी आहे.