मोजमाप नाकाचे की अन्यायाचे?

पुढील जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला. तो स्वागतार्ह आहे. परंतु जात मोजणे म्हणजे रक्त मोजणे नव्हे, हे त्याच वेळी बजावून सांगितले पाहिजे. या देशात एकदा तसा घोटाळा झालेला आहे.

१९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी सामाजिक प्रतिष्ठेनुसार जातींची उतरंड लावण्याचा घाट घातला. नाकाच्या रुंदीचे लांबीशी प्रमाण काढून, नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा सिद्धान्त ते आधीच मांडून बसले होते. जात म्हणजे वंश आणि वंश म्हणजे निसर्गाचा हुकूम! मग अन्यायाचा जाब विचारावयाचा कोणाला? राज्यकर्त्यांना हे सोयीचे होते. आणि आपण युरोपीय आर्यांचे भाऊबंद आहोत या कल्पनेने येथील काही उच्चवर्णीयही सुखावले.

हा डोलारा मोजमापांनीच खिळखिळा केला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवी कवट्या मोजल्या. कवटीच्या ठेवणीवरून युरोपीयांचे वेगळेपण सिद्ध होते, या गुरूच्या गृहीतकाला आधार नाही, असा निष्कर्ष त्यांनी निर्भयपणे मांडला. हेच फिशर पुढे नाझींच्या वंशशुद्धीच्या धोरणाचे पाठीराखे झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये 'दि अनटचेबल्स' या ग्रंथात नाकांचीच उपलब्ध मापे हाती घेतली आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे भिन्न वंशांचे नाहीत, असे दाखविले. १९७२ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन यांनी रक्तगट व प्रथिने तपासली. मानवजातीतील सुमारे ८५ टक्के भिन्नता एकाच लोकसमूहातील माणसामाणसांत आढळते. तथाकथित वंशांच्या वाट्याला जेमतेम सहा टक्के येते, असे त्यांना आढळले.

याचा अर्थ शारीरिक भेदच नाहीत, असा मात्र नव्हे. तसे म्हणणे ही भाबडी समता होईल. सिकलसेलचा आजार गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासींत आहे, तसाच तो आफ्रिकेत, ग्रीसमध्ये आणि अरबस्तानातही आहे. या लोकांचा वर्ण एक नाही, चेहरेपट्टी एक नाही. त्यांच्यात समान आहे तो मलेरियाचा इतिहास. या जनुकाची एकच प्रत असणाऱ्यांना मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळाले, म्हणून ते तेथे टिकले. अशा रुग्णाला तपासणी हवी, औषध हवे. वंशाची चिठ्ठी नको.

आता जुनाच वाद नव्या भाषेत मांडला जातो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार, सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी या उपखंडात लोकसमूहांची मोठी सरमिसळ झाली. पुढे ती ओसरली आणि जातीतल्या जातीत विवाह रूढ झाले. त्या कोंडवाड्याच्या खुणा आजही जनुकांत दिसतात. त्यांकडे बोट दाखवून कोणी म्हणेल, पाहा, जात रक्तातच आहे! अर्थ नेमका उलट आहे. रक्ताने जात घडविली नाही. जातीच्या निर्बंधांनी रक्तावर आपला शिक्का उठविला. जे कुंपण माणसांनी घातले, ते माणसांनाच उपटून काढता येईल. आंतरजातीय विवाहाला बाबासाहेबांनी जे महत्त्व दिले, त्याची सत्यता जनुकशास्त्रही अशी पटविते.

म्हणून कार्यकर्त्यांनी गणनेकडे पाहावे ते या दृष्टीने. कोणाचे पूर्वज कोठून आले, हा तिचा प्रश्न नव्हे. जमीन कोणाच्या नावावर आहे, मधेच शाळा कोणाची सुटते, गटारात कोणाला उतरावे लागते, याचा हिशेब मागण्यासाठी जातींचे आकडे हवेत. रिस्लेसाहेबांनी उतरंड टिकविण्यासाठी मोजले. आपणांस ती मोडण्यासाठी मोजावयाचे आहे.