पडद्यावरची मँडरिन आणि शिक्षकांचा गृहपाठ

2020च्या सुरुवातीला करोनाने वर्ग बंद पाडले आणि जगभरातल्या मँडरिन शिक्षकांना रातोरात कॅमेऱ्यासमोर बसवले. सॉफ्टवेअर कसे चालवायचे, एवढे अनेकांना कसेबसे दाखवले गेले. त्यावर शिकवायचे कसे, हे मात्र ज्याचे त्याने शोधायचे!

मँडरिनमध्ये चार सूर आहेत, शिवाय एक हलका, बिनसुराचा उच्चार. सूर चुकला की शब्दच बदलतो. वर्गात शिक्षक म्हणतो आणि मुले एका आवाजात त्याच्यामागून म्हणतात. व्हिडिओवर प्रत्येकाचा आवाज मागेपुढे पोहोचतो, त्यामुळे हा सामूहिक घोष कोलमडतो. मग एकेकाला बोलते करायचे, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून म्हणायचे आणि सुराचा चढउतार हाताने हवेत काढून दाखवायचा, अशी वेगळी घडी बसवावी लागते. चिनी अक्षरांच्या रेघांचा क्रम दाखवायला दुसरा कॅमेरा थेट कागदावर रोखलेला बरा.

हे नुसती व्याख्याने ऐकून जमत नाही. नव्या शिक्षकाने आधी अशाच वर्गात विद्यार्थी होऊन बसावे, नंतर स्वतःच्या तासाचे चित्रण अनुभवी सहकाऱ्यासोबत पाहावे. भाषा शिकवणाऱ्या संस्थांनी हा सराव पगारी कामात धरावा. शिक्षकांच्या हौसेवर सोडू नये.