नेमके काय अडले?

नवशिक्याच्या हाती लिनक्स देताना बहुतेक जाणकार एक वाक्य हमखास उच्चारतात : ‘अगदी सोपे आहे.’ हे वाक्य न उच्चारलेलेच बरे. दोन दिवसांनी वायफाय लागत नाही, आवाज येत नाही, किंवा पडद्यावर एखादी अनोळखी इंग्रजी सूचना उमटते. मग ज्याला ‘सोपे आहे’ असे सांगितलेले असते, तो स्वतःलाच मठ्ठ ठरवतो आणि संगणक झाकून ठेवतो. माझे मत असे की, प्रौढ वयात संगणक शिकू पाहणाऱ्यास पहिल्याच दिवशी अडचणींची कल्पना द्यावी. त्यांतील बऱ्याचशा ठरावीक असतात, आणि नेमके काय अडले हे सांगता आले तर त्या सुटतातही.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा थांबवला. तिच्या पुढच्या आवृत्तीच्या अटींत अनेक जुने संगणक बसत नाहीत. यंत्र धडधाकट असते, पण त्याचे सुरक्षिततेचे कवच जीर्ण होत जाते. नवे यंत्र घेण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबाला अशा वेळी लिनक्स उपयोगी पडते. लिनस टॉरव्हाल्ड्स या हेलसिंकी येथील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये या प्रणालीचा गाभा लिहिला आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पातील साधनांची त्याला जोड मिळाली. तिची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते व इतरांना देता येते. उबुंटू, मिंट, तसेच आपल्या सी-डॅक संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ ही तिचीच निरनिराळी रूपे होत.

मडके वाजवून घ्यावे, तसे लिनक्सही वाजवून घेता येते. मला तिचा हा गुण सर्वांत मोलाचा वाटतो. लिनक्स पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी आणि यंत्र सुरू होताना एफ १२, एफ २ किंवा एस्केप यांपैकी त्या कंपनीने ठरवलेली कळ दाबावी. मग हार्ड डिस्कला हात न लावता संपूर्ण प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालते. ती थोडी संथ चालेल. त्याने बिचकू नये. वायफाय लागते का, आवाज येतो का, छपाई होते का, मराठी अक्षरे नीट दिसतात का, हे सारे याच वेळी पाहून घ्यावे. काही जुळले नाही तर पेन ड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करावा. आधीची प्रणाली जशीच्या तशी असते. प्रत्यक्ष स्थापना करताना मात्र सावध राहावे. तेथे एक चुकीचा पर्याय निवडला तर संपूर्ण डिस्क पुसली जाते. मुलांची छायाचित्रे आणि घरातील कागदपत्रे त्याआधीच दुसरीकडे उतरवून ठेवावीत.

आता त्या ठरावीक अडचणींकडे वळू. टर्मिनल नावाच्या काळ्या चौकटीत पासवर्ड टाकताना पुष्कळदा पडद्यावर काहीच उमटत नाही. साधा ठिपकाही नाही. कळफलक बिघडला असे वाटून अनेक जण तेथेच थांबतात. वास्तविक शेजारी बसलेल्याला पासवर्डातील अक्षरांची संख्याही कळू नये, यासाठी ती योजना असते. दुसरी गंमत घड्याळाची. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवल्या की विंडोजमधील घड्याळ कधी कधी साडेपाच तास मागे पडते. लिनक्स यंत्रातील घड्याळ जागतिक प्रमाणवेळेनुसार ठेवते, तर विंडोज तीच वेळ स्थानिक मानते. आणि भारतीय वेळ जागतिक वेळेच्या बरोबर साडेपाच तास पुढे आहे. साडेपाच हा आकडा दिसताच जाणकार माणूस दुकानात न जाता सेटिंग उघडतो. वायफायची अडचण बहुधा चालकाची, म्हणजे ड्रायव्हरची असते. काही कंपन्या आपल्या भागांची आज्ञावली खुली करत नाहीत, म्हणून ती सोबत येत नाही. अशा वेळी मोबाइल केबलने जोडून त्याचे इंटरनेट संगणकाला द्यावे आणि ड्रायव्हर उतरवून घ्यावा.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि त्यासाठी म्हैसूरसारख्या शहरातील मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. घरात मराठी, बाजारात कन्नड, अर्जावर इंग्रजी. याच शहरात १९६९ पासून केंद्रीय भारतीय भाषा संस्थान देशातील भाषांचे काम करत आहे. पण सामान्य माणसाला हवे असते ते एकाच कळफलकावर मराठी आणि कन्नड दोन्ही लिहिता येणे. लिनक्समध्ये हे विनामूल्य होते. ‘इन्स्क्रिप्ट’ या भारतीय रचनेत ज्या कळीवर मराठीचा ‘क’, त्याच कळीवर कन्नडचा ‘क’ असतो. बोटांना एकदा वळण लागले की लिपी तेवढी बदलायची. लिनक्सच्या यादीत मराठीसाठी ‘कगप’ नावाची आणखी एक रचना दिसते. हे नाव कन्नड गणक परिषदेच्या आद्याक्षरांवरून आले आहे. मराठी लिहिण्याच्या एका रचनेला कन्नड संस्थेचे नाव असावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

मराठी लिहिताना एक अडचण हमखास येते. ‘दऱ्या’ लिहायला जावे आणि ‘दर्या’ उमटावा! डोंगरातील दरीचा समुद्र झाला, म्हणून संगणकाला दोष दिला जातो. त्यासाठी साधा ‘र’ न घेता टिंब असलेला ‘ऱ’ घ्यावा लागतो. इन्स्क्रिप्टमध्ये तो शिफ्टसह इंग्रजी जे च्या कळीवर आहे. त्यानंतर हलन्त आणि ‘य’ दिले की आचार्यांचे आचारी होतात आणि आचाऱ्यांचे आचार्य होत नाहीत.

‘हे सारे आमच्यासारख्यांना झेपेल का?’ असा आक्षेप घेतला जातो. म्हैसूरहून पुढे सीमा ओलांडली की केरळचा वायनाड जिल्हा लागतो. केरळच्या सरकारी शाळांत मुले कित्येक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आली आहेत. तेव्हा झेपण्याचा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही. नोकरीचा आक्षेप मात्र खरा आहे. हिशेबाच्या कामासाठी टॅली शिकायची असेल तर ती विंडोजवर चालते; अशा विद्यार्थ्याने दोन्ही प्रणाली ठेवाव्यात. शिवाय गावातील दुरुस्तीवाल्याला लिनक्स येईलच असे नाही. म्हणून तर आपली अडचण आपणच शब्दांत मांडण्याची सवय हवी.

‘वायफाय चालत नाही’ एवढ्यावर कोणीही मदत करू शकणार नाही. यंत्र कोणते, लिनक्सचे कोणते रूप व कोणती आवृत्ती, काय करताना अडले, त्याआधी काय बदलले, हे सांगावे. पडद्यावरील सूचना आठवून सांगू नये. तिचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. मराठीतील सूचनांवर उत्तरे कमी सापडतात. त्यामुळे पडद्याची भाषा मराठी ठेवली असली तरी विचारण्यापुरती ती इंग्रजी करून घ्यावी. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत तारखेसह लिहावा. कोणी अनोळखी माणसाने एखादी आज्ञा टर्मिनलमध्ये टाकायला सांगितली, तर ती काय करते हे आधी विचारावे. सारी फाइलसंपदा क्षणात पुसणाऱ्या आज्ञाही दोन-चार अक्षरांच्याच असतात, आणि त्यांनी पुसलेले कचरापेटीत जात नाही.